वापरलेल्या .२२ स्पोर्ट पिस्तुलात काडतूस चेंबरमध्ये नीट चढत नाही: दोष मॅगझिनचा, स्प्रिंगचा की चेंबरचा?

करवीरची_नेमबाज

नमस्कार.

मी कोल्हापूरची असून गेली सहा वर्षे २५ मीटर पिस्तूल प्रकारात नेमबाजी करते. आजवर क्लबच्या पिस्तुलावर सराव केला. यंदा एका ज्येष्ठ नेमबाजांचे .२२ लाँग रायफल काडतुसाचे, जर्मन बनावटीचे अर्धस्वयंचलित पिस्तूल मी विकत घेतले. परवाना, विक्रीपूर्वी द्यावी लागणारी ४५ दिवसांची लेखी सूचना आणि परवान्यावरील नोंद हे सर्व रीतसर झाले आहे, तेव्हा त्याविषयी काही विचारायचे नाही. या पिस्तुलाचे मॅगझिन मुठीत नसून ट्रिगरच्या पुढे बसते आणि त्यात पाच काडतुसे मावतात. सोबत दोन मॅगझिने मिळाली. आधीच्या मालकांनी खेळ थांबवल्याला चार वर्षे झाली होती आणि तेवढा काळ पिस्तूल तेल लावून कपाटात ठेवलेले होते.

अडचण अशी आहे की पिस्तूल वारंवार अडते. नुसते "अडते" म्हणून उत्तर मिळणार नाही, हे ठाऊक असल्यामुळे मी तीन दिवस वहीत नोंदी ठेवल्या. दोन्ही मॅगझिनांवर मार्करने "क" आणि "ख" अशी अक्षरे लिहिली. एकूण ३०० काडतुसे झाडली आणि त्यांत १९ वेळा पिस्तूल थांबले. त्यांपैकी १२ वेळा काडतुसाचे टोक चेंबरच्या (नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसते त्या जागेच्या) खालच्या कडेला टेकून बसले आणि काडतूस आत ढकलणारा बोल्ट अर्ध्यावर राहिला. यांतील १० वेळा मॅगझिन "ख" होते आणि बहुतेक वेळा चौथे किंवा पाचवे काडतूस होते. ४ वेळा काडतूस आत गेले, परंतु बोल्ट मिलिमीटर-दीड मिलिमीटर उघडा राहिला, तो मी अंगठ्याने ढकलून बंद केला. हे दोन्ही मॅगझिनांत घडले. उरलेल्या ३ वेळा रिकामी पुंगळी बाहेर न पडता, ती जिथून बाहेर फेकली जाते त्या खिडकीत उभी अडकली आणि या तिन्ही घटना सकाळी सातच्या सरावातील पहिल्याच मालिकांमध्ये घडल्या.

काडतुसे एकाच जातीची, स्टँडर्ड वेगाची आहेत. त्याच डब्यातली काडतुसे क्लबच्या पिस्तुलात एकदाही अडली नाहीत.

माझ्या वडिलांनी उद्यमनगरात तीस वर्षे लेथवर काम केले आहे. त्यांनी भिंगातून पाहिले, तेव्हा चेंबरकडे जाणाऱ्या उतारावर, म्हणजे फीड रॅम्पवर, त्यांना एक आडवी रेघ दिसली. त्यांच्या मते झिरो नंबरचा पॉलिश पेपर दहा मिनिटे मारला की काम झाले. माझा हात धजावत नाही. राज्य स्पर्धेला दीड महिना उरला आहे. कृपया जाणकारांनी सांगावे.

नागपूरकर_स्टँडर्ड_पिस्तूल

आपल्या नोंदी पाहून बरे वाटले, कारण इथे बहुतेक जण केवळ छायाचित्र टाकून मोकळे होतात. माझ्या अनुभवाप्रमाणे पहिला संशय मॅगझिनवर घ्यावा. "ख" बाजूला ठेवून केवळ "क" वर शंभर काडतुसे झाडून पाहावीत. आपले निम्म्याहून अधिक उत्तर तिथेच मिळेल.

आणखी एक उपाय सुचवतो. माझ्याकडच्या जुन्या पिस्तुलात पुंगळी अशीच उभी राहत असे. मी हाय व्हेलॉसिटी, म्हणजे जास्त वेगाची, काडतुसे वापरली आणि त्रास बंद झाला. सरावापुरता आपणही तसा प्रयोग करायला हरकत नाही.

जुना_आर्मरर

ताई, पेपर बाजूला ठेवा, ही पहिली विनंती. कारण शेवटी सांगतो, आधी आपल्या वहीविषयी बोलू.

आपण १९ अडथळे मोजले आहेत, परंतु माझ्या वाचनात ते एकाच दोषाचे १९ प्रकटीकरण नसून तीन वेगवेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधेही वेगळी आहेत. वापरलेल्या पिस्तुलाच्या बाबतीत माणसाची फसगत इथेच होते. तो एक कारण शोधत बसतो, तीन गोष्टी एकाच दिवशी बदलतो, अडथळे थोडे कमी होतात आणि नेमके कशामुळे कमी झाले हे कायमचे गुलदस्त्यात राहते.

सकाळच्या पुंगळ्यांपासून सुरुवात करू. आपल्या पिस्तुलात बोल्टला कुलूप नाही. स्फोटाच्या दाबाने पुंगळी मागे रेटली जाते, ती बोल्टला रेटते, आणि बोल्टचे वजन व त्याला परत पुढे आणणारी रिकॉइल स्प्रिंग एवढेच त्याला रोखून धरतात. बावीसच्या स्टँडर्ड काडतुसातली २.६ ग्रॅमची शिशाची गोळी रायफलच्या लांब नळीतून सेकंदाला सुमारे ३२० ते ३३० मीटर वेगाने निघते, पिस्तुलाच्या आखूड नळीतून त्याहून कमी. एवढ्याशा ताकदीतून बोल्टला मागे जायचे असते, पुंगळी फेकायची असते, फायरिंग पिनवर आदळणारा हॅमर चढवायचा असतो आणि परतताना नवे काडतूसही उचलायचे असते. चार वर्षे कपाटात राहिलेले तेल वाळून चिकट होते, त्यात काडतुसांवरचे मेण आणि जळकी पूड मिसळते आणि बोल्टच्या खाचांमध्ये डांबरासारखा थर बसतो. सकाळच्या गारव्यात हा थर ताठ असतो, म्हणून बोल्ट पुरता मागे जात नाही आणि पुंगळी खिडकीत सापडते. दहा-पंधरा गोळ्यांनी पिस्तूल तापले की तोच थर मऊ होतो. पहिल्याच मालिकांमध्ये त्रास होण्याचे कारण बहुधा हेच असावे.

इथे एक परीक्षा सांगतो, ती अवश्य करावी. रिकाम्या पुंगळ्या किती लांब पडतात ते पाहा. त्या पायाशीच ढीग होऊन पडत असतील, तर बोल्ट अपुरा मागे जात आहे. म्हणजे घाण, कोरडेपणा, फार ताठ स्प्रिंग किंवा कमजोर काडतूस यांपैकी काहीतरी आहे. त्या नेहमीपेक्षा बऱ्याच लांब उडत असतील, तर रिकॉइल स्प्रिंग थकलेली आहे, बोल्ट फार वेगाने मागे जाऊन आपटून परततो आणि मॅगझिनमधले पुढचे काडतूस वर येण्याआधीच त्याच्यावरून निघून जातो. दोन्ही परिस्थितींत चेंबर रिकामे ठेवून बोल्ट बंद होऊ शकतो, लक्षण एकच दिसते, पण कारणे एकमेकांच्या अगदी उलट असतात. म्हणून नागपूरकरांच्या सल्ल्याशी मी सहमत नाही. हाय व्हेलॉसिटी काडतुसाने घाणीचा आजार झाकला जाईल, बरा होणार नाही; शिवाय या जातीच्या पिस्तुलांच्या स्प्रिंगा आणि मागचे धक्का झेलणारे बफर स्टँडर्ड वेगासाठी बसवलेले असतात, त्यांना रोजचा जादा मार सोसत नाही. स्पर्धेत आपण स्टँडर्डच वापरणार असाल, तर पिस्तूल त्यावरच चालले पाहिजे.

आता मॅगझिन "ख". बावीसच्या काडतुसाला मागे बाहेर आलेली कड असते, आणि सगळी कटकट त्या कडेची आहे. कडेचा व्यास साधारण ७ मिलिमीटर, तर गोळी ५.७ मिलिमीटरची, त्यामुळे काडतुसे एकावर एक सरळ रचली जात नाहीत, ती पंख्यासारखी तिरपी बसतात. भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेच्या पुढे यायला हवी. ती मागे राहिली, तर बोल्टने वरचे काडतूस ढकलताच त्याची कड खालच्या कडेत अडकते. आपण सहा वर्षे खेळत आहात, हे आपल्याला ठाऊक असणारच. तरी नव्या मॅगझिनात भरण्याची सवय बदलावी लागते, म्हणून लिहिले.

आपल्या नोंदीत चौथ्या-पाचव्या काडतुसाला टोक खाली जाते, हा फार मोलाचा धागा आहे. मॅगझिन भरलेले असताना आतली स्प्रिंग जास्तीत जास्त दाबलेली असते, म्हणून थकलेली स्प्रिंगही पहिली दोन-तीन काडतुसे व्यवस्थित वर लोटते. शेवटच्या दोनांच्या वेळी तिचा जोर संपतो आणि काडतूस नाक टाकते. याउलट पहिलेच काडतूस अडत असते, तर मी आधी वरच्या कडा, म्हणजे लिप्स, पाहिल्या असत्या. "क" आणि "ख" दोन्ही उघडा, स्प्रिंगा काढून टेबलावर शेजारी ठेवा आणि मोकळी लांबी व्हर्नियरने मोजा. फॉलोअर, म्हणजे काडतुसे वर लोटणारा तुकडा, आणि मॅगझिनच्या आतल्या भिंती यांवरचे मेण पुसून काढा, आत तेल ओतू नका. नंतर डमी (न उडणारी, बनावट) काडतुसे भरून एकेक हळूच अंगठ्याने पुढे सरकवा आणि बाजूने पाहा. "क" मधून निघणाऱ्या काडतुसाचे नाक आणि "ख" मधून निघणाऱ्याचे नाक यांच्या उंचीत फरक डोळ्यांना दिसतो. लिप्स पक्कडीने वाकवण्याचा मोह टाळावा. चांगले मॅगझिन समोर असल्याशिवाय आणि माप लिहून घेतल्याशिवाय मी स्वतः चाळीस वर्षांत ते कधी केले नाही.

ही सगळी तपासणी पिस्तुलाबाहेर, खोलीत एकही जिवंत काडतूस नसताना आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासून झाल्यावरच करावी. घरी जिवंत काडतूस चढवून "बघू या चढते का" असे कोणी करू नये.

तिसरा आजार मला सर्वांत अधिक खटकतो. बोल्ट मिलिमीटरभर उघडा राहतो आणि आपण तो अंगठ्याने ढकलता. हे आजपासून बंद करा. बावीसचे काडतूस पेटवणारी स्फोटक पूड कडेतच असते आणि पुंगळीचे पितळ पातळ असते. कड पुरती आत बसलेली नसताना काडतूस उडाले, तर पुंगळी फुटून गरम वायू आणि पितळेचे तुकडे बाजूने बाहेर येतात. बोल्ट अपुरा बंद झाला की पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने धरून मॅगझिन काढायचे, बोल्ट उघडून ते काडतूस बाहेर काढायचे आणि एका डबीत वेगळे ठेवायचे. ते फेकायचे नाही, कारण उत्तर त्याच्या अंगावर लिहिलेले असते. गोळीच्या एका बाजूचे शिसे खरवडलेले आहे का, पितळावर नखाएवढी ओळ आहे का, हे भिंगातून पाहा.

दोन्ही मॅगझिनांत हे घडते, म्हणजे दोष मॅगझिनचा नाही. दोन शक्यता उरतात. एक, चेंबरमध्ये शिसे आणि मेणाचे कडे साठले आहे. ते सॉल्व्हंट आणि ब्राँझच्या ब्रशने निघते. सळई मागच्या बाजूने घालता येत असेल तर तशीच घालावी, पुढून घालावी लागली तर नळीच्या तोंडाला घासू देऊ नये, कारण नेम तिथेच बिघडतो. दुसरी शक्यता जुन्या बावीसमध्ये नेहमी आढळते. आधीच्या कोणीतरी रिकाम्या चेंबरवर वारंवार ट्रिगर ओढला असेल, तर फायरिंग पिन काडतुसाच्या कडेऐवजी चेंबरच्या काठावर आदळते, तिथे खळगा पडतो आणि खळग्यातले लोखंड फुगून चेंबरच्या आत येते. डमी काडतुसाला मार्करची शाई फासून ते चेंबरमध्ये हळूच बसवा आणि काढा. शाई एकाच ठिकाणी खरवडली गेली, तर निदान पक्के. त्यावर उपाय म्हणजे ते फुगलेले लोखंड विशिष्ट हत्याराने दाबून परत जागेवर बसवणे. कानस लावून काढणे हा उपाय नव्हे. काढलेले लोखंड परत येत नाही.

आता पेपरविषयी. वडिलांचा हात चांगला असणार यात मला शंका नाही, पण लेथवरच्या माणसाला खरखरीत पृष्ठभाग दिसला की तो गुळगुळीत करावासा वाटतो. बावीसच्या अशा पिस्तुलात काडतूस जवळजवळ सरळ रेषेत चेंबरकडे जाते, त्यामुळे कारखान्यात पडलेल्या हत्याराच्या एका आडव्या रेघेने सहसा काही अडत नाही; ती रेघ पहिल्या दिवसापासून तिथे असेल आणि त्या ज्येष्ठ नेमबाजांनी तिच्यासकट हजारो गोळ्या झाडल्या असतील. पेपराने मात्र चेंबरच्या तोंडाची धार गोल होते, रॅम्पचा कोन बदलतो, आणि थोडे खोल गेले की पुंगळीचा मागचा भाग आधाराविना उरतो. मग वर सांगितलेला फुटण्याचा धोका प्रत्येक गोळीला राहतो.

आधी सफाई करून केवळ "क" वर ५० काडतुसे, मग "ख" ची स्प्रिंग, शेवटी चेंबर. प्रत्येक टप्प्याला वही.

रेंजवरचा_पंच

वरील उत्तरात तांत्रिक भर घालण्यासारखे माझ्याकडे काही नाही, परंतु दोन गोष्टी निदर्शनास आणतो.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ मध्ये बंदुकीच्या निर्मिती आणि विक्रीबरोबर दुरुस्तीचाही उल्लेख आहे. दुसऱ्याचे शस्त्र दुरुस्त करायला परवाना लागतो. त्यामुळे उद्यमनगरातला कारागीर कितीही निष्णात असला, तरी त्याच्या टेबलावर हे पिस्तूल जाता कामा नये. पिस्तुलाचा परवाना आपल्या नावावर आहे, वडिलांच्या नावावर नाही, हेही ध्यानात असू द्यावे. चेंबरचे काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्यावे, सोबत परवाना न्यावा आणि पावती घ्यावी.

दुसरी गोष्ट स्पर्धेची. रॅपिड टप्प्यात लक्ष्य ३ सेकंद दिसते आणि मध्ये ७ सेकंद मिळतात. तेवढ्यात अंगठ्याने बोल्ट ढकलण्याची सवय हाताला लागली असेल, तर ती आपले गुण घालवील. पिस्तूल अडल्यास ते लक्ष्याच्या दिशेने धरून, मूठ न सोडता, मोकळा हात वर करून पंचाला कळवायचे असते. पंचाने पाहण्याआधी नेमबाजाने बोल्टला किंवा सेफ्टीला हात लावला, तर तो अडथळा ग्राह्य धरला जात नाही आणि न झाडलेल्या गोळ्यांचे गुण जातात. मी असे दोन-तीन चांगले नेमबाज रडवेले झालेले पाहिले आहेत. पिस्तूल खरोखर अडले होते, पण हात आपोआप बोल्टकडे गेला.

ट्रिगरला या सर्व गडबडीत कोणी हात लावू नये. २५ मीटर पिस्तुलासाठी किमान १००० ग्रॅमची अट आहे आणि तपासणीत वजन भरले नाही तर बाकीची मेहनत वाया जाईल.

करवीरची_नेमबाज

सर्वांचे आभार. पंचवीस दिवसांनी लिहीत आहे, कारण मधले अकरा दिवस पिस्तूल पुण्यातील परवानाधारक गनस्मिथकडे होते.

क्रमाने सांगते. बोल्ट उतरवला, तेव्हा खाचांमध्ये खरोखरच तपकिरी रंगाचा चिकट थर होता. दातकोरणीने खरवडावा लागला. पुंगळी ओढून काढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखालीही मेण दाबून बसले होते. सफाईनंतर "क" वर १०० काडतुसे सकाळी सात वाजताच झाडली आणि एकही पुंगळी उभी राहिली नाही. त्याआधी पुंगळ्या माझ्या बुटांजवळ पडत असत, आता त्या शेजारच्या जागेपर्यंत जातात, त्यामुळे शेजारच्या नेमबाज मुलीने मधे जाळी लावायला सांगितली आहे.

त्याच शंभरांत बोल्ट उघडा राहण्याचा प्रकार मात्र दोनदा घडला. शाईची परीक्षा केली, तर डमी काडतुसावर कडेलगत एकाच जागी शाई खरवडली गेली. गनस्मिथांनी चेंबरच्या काठावरचा खळगा भिंगातून मला दाखवला. त्यांनी लोखंड दाबून जागेवर बसवले, काही कापले नाही. रॅम्पवरच्या रेघेकडे पाहून ते म्हणाले की ती कारखान्यातलीच आहे.

"ख" ची स्प्रिंग "क" पेक्षा ८ मिलिमीटर आखूड निघाली. नवी बसवली.

यानंतर दोन्ही मॅगझिनांवर मिळून २५० काडतुसे झाडली आणि एकच अडथळा आला, तोही "ख" मध्ये, तिसऱ्या काडतुसाला. वडील आधी थोडे नाराज होते. नंतर त्यांनी नायलॉनची एक जाड नळी टर्न करून दिली. ती पिस्तुलाच्या तोंडावर बसते आणि सफाईची सळई मधोमध जाते. पिस्तूल न देता, नुसती मापे देऊन त्यांच्याकडून ते काम करून घेतले, हे पंचांच्या माहितीसाठी नमूद करते.

जुना_आर्मरर

नळीची युक्ती आवडली. अडलेले तिसरे काडतूस जपून ठेवले असेल, तर त्याच्यावर काय दिसते ते सांगा.

करवीरची_नेमबाज

डबीत आहे. गोळीच्या डाव्या बाजूला शिशाची बारीक कपची निघालेली आहे, उजवी बाजू स्वच्छ आहे. नाकावर काही खूण नाही.

जुना_आर्मरर

म्हणजे नाक पडले नव्हते, काडतूस तिरके निघाले. "ख" ची डावी लिप आतून बोटाने चाचपून पाहा, कुठेतरी बारीक कंगोरा लागेल, बहुधा कधीतरी मॅगझिन काँक्रीटवर पडल्याचा. गनस्मिथांकडे फक्त मॅगझिन पाठवा आणि सोबत "क" नमुन्याला द्या. तोवर स्पर्धेच्या मालिका "क" वर खेळा आणि "ख" सरावाच्या पेटीत ठेवा.